आपल्याकडं कुठं असतंय असलं? : जागा आणि क्वीअर ओळख, सीमाभागातून पाहताना

या सत्रात मंडळाच्या वाचनकट्ट्यावर आपण सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ वाचली. २००६ साली आलेली छोटी कादंबरी. एक मध्यमवर्गीय मराठी घर, त्या घरात भाड्यानं राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्यावर जीव लावून बसलेली घरातली दोन भावंडं, तनय आणि अनुजा. चर्चा चांगली रंगली. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “पण हे सगळं पुण्या-मुंबईतलं झालं. आपल्याकडं कुठं असतंय असलं?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला उचगावचा माझा एक मित्र आठवला. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. आता तो पुण्यात असतो. त्याला विचारून, त्याचं नाव आणि गल्ली न सांगता, मी हा लेख लिहितोय. त्या दिवशी कट्ट्यावर जे बोलायला हवं होतं ते इथं बोलतोय असं समजा.

त्या प्रश्नात दोन शब्द महत्त्वाचे आहेत : ‘आपल्याकडं’ आणि ‘कुठं’. दोन्ही जागेचे शब्द. म्हणून उत्तरही जागेपासूनच शोधू.

आधी थोडे शब्द

‘क्वीअर’ हा शब्द इंग्रजीत आधी हिणवायला वापरायचे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या चळवळीनं तोच शब्द स्वतःसाठी उचलला. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, आणि स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणारे असे सगळे त्या शब्दाखाली येतात. मराठीत एवढा सगळ्यांना सामावणारा शब्द अजून रुळलेला नाही, म्हणून मी तोच ठेवतोय.

दुसरी जोडी ‘अवकाश’ आणि ‘स्थळ’ यांची. समीक्षेच्या तासाला आपण ऐकतो की अवकाश म्हणजे मोकळी पोकळी, आणि माणसांनी वापरून, नाव देऊन, आठवणी चिकटवून त्यातून जे केलं ते स्थळ. फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक पाऊल पुढं टाकलं. अवकाश ही आधीपासून तयार असलेली रिकामी पेटी नव्हे, समाज तो घडवत असतो, असं त्यांचं म्हणणं. रस्ता, बाजार, स्वयंपाकघर यांत कुणी वावरायचं आणि कुणी नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

मराठीत ‘स्थळ’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो त्या ग्रंथात सापडणार नाही. “पोराला स्थळ आलंय” म्हणजे लग्नाचं सांगून आलंय. गावातल्या क्वीअर पोरापोरींच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर येऊन आदळतात. स्थळं यायला लागली की राहतं स्थळ सोडायची वेळ येते.

माझं म्हणणं एवढंच. कोण कुणावर प्रेम करील हे जागा ठरवत नाही. पण त्या प्रेमाला नाव काय मिळेल, ते कुणाजवळ बोलता येईल, आपल्यासारखं दुसरं कुणी भेटेल की नाही, हे बऱ्याच अंशी जागा ठरवते. आणि प्रत्येक जागा सामावून घेताना काही ना काही अट घालते.

गाव : तालीम आणि परसू

उचगाव बेळगावहून वेंगुर्ल्याकडं जाताना लागतं, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. मळेकरणी देवीची आमराई सगळ्यांना माहीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं गर्दी असते. गावात मराठी साहित्य संमेलनही भरतं.

या गावाचा एक वेगळा नकाशा काढून बघा. पुरुषांच्या जागा : तालीम, पार, सलून, क्रिकेटचं मैदान, गणपतीचा मांडव. बायकांच्या जागा : नळ, परसू, शेवया वळायची पडवी, बचत गटाची बैठक. हा नकाशा कुठं छापलेला नाही, पण गावातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. पोरगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला दोन्हीकडं फिरता येतं. मग कुणीतरी म्हणतं, “बायकांत काय बसतोस गा? जा की तालमीत.”

माझा मित्र पडवीतून उठला नाही. गौरीच्या दिवसांत फुगडीची गाणी त्याला बायकांपेक्षा जास्त पाठ. रांगोळी त्याचीच बघण्यासारखी. सातवी-आठवीपर्यंत कौतुक झालं, त्यानंतर ‘बायल्या’ हा शब्द आला.

नववीत असताना एका संध्याकाळी आम्ही त्याला ओढतच तालमीत नेलं. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टॉवेलचा पदर टाकला. कुणी डोक्यावर वीट ठेवली, देवीचा जग म्हणून. “उदं गं आई उदं! सौंदत्तीला सोडून या गा ह्याला!” चौंडकं वाजवायला एक रिकामा डबा होता. तो मी वाजवत होतो.

त्यानंतर तो तालमीकडं कधी फिरकला नाही.

हे मी चूक कबूल करायची म्हणून सांगतोच आहे, पण अभ्यासाचाही एक मुद्दा त्यात आहे. आम्हाला त्याच्याविषयी काहीच कळत नव्हतं, तरी त्याला ‘कुठं’ पाठवायचं हे मात्र सगळ्यांना लगेच सुचलं. आमच्या नकाशात त्याच्यासाठी एकच जागा होती, आणि ती गावाबाहेर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर होती. म्हणजे ‘आपल्याकडं असलं नसतंय’ हे खोटं. आपल्याकडं त्यासाठी एक सबंध डोंगर आहे.

डोंगर : देवीनं दिलेली ओळख

सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी भागातून गाड्याच्या गाड्या लागतात. जोगुळभावीला अंघोळ, लिंबाचा पाला, भंडारा, परडी, चौंडकं हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेलं आहे.

रेणुका-यल्लम्माची कथाही माहीत आहे. जमदग्नीनं मुलांना आईला मारायला सांगितलं. ज्या मुलांनी नकार दिला त्यांना बापाचा शाप लागला आणि त्यांचं पौरुष गेलं, असं परंपरा सांगते. परशुरामानं आज्ञा पाळली. जोगत्यांची, म्हणजे कन्नडमधल्या जोगप्पांची, परंपरा लोक त्या शापित मुलांशी जोडतात. पुरुष म्हणून जन्मलेला माणूस देवीला वाहिला जातो, गळ्यात तांबडे-पांढरे मणी बांधले जातात, तो साडी नेसतो, डोक्यावर जग घेतो, जोगवा मागतो. गावं त्याला घाबरतात आणि मानतातही. उत्तर भारतातल्या हिजड्यांप्रमाणे त्यांची घराण्यांत बांधलेली रचना नसते. बरेच जोगप्पा आपल्या गावाच्या आसपासच राहतात.

‘क्वीअर’ हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी आपल्या भागानं एका वेगळ्या लिंगओळखीला नाव, पेहराव, वाद्य, गाणी आणि यात्रेचा दिवस एवढं सगळं दिलं. ही छोटी गोष्ट नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांना मान्यता दिली. तेव्हा हिजडा, कोथी, अरवाणी यांच्याबरोबर जोगता-जोगप्पा यांचाही नावानं उल्लेख केला, आणि रेणुकादेवीची देवळं महाराष्ट्रात व कर्नाटकात आहेत हेही नोंदवलं. दिल्लीतल्या त्या निकालात आपला सीमाभाग असा आला आहे.

बी. मंजम्मा जोगती यांचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. बळ्ळारी जिल्ह्यात मुलगा म्हणून जन्मलेल्या मंजम्मांना होसपेटजवळच्या हुलिगेम्मा देवीच्या ठिकाणी दीक्षा दिली गेली. पुढं घर सुटलं. काळव्वा जोगती यांच्याकडं त्या जोगती नृत्य शिकल्या. २०१९ साली त्या कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपतींसमोर उभं राहून त्यांनी पदरानं दृष्ट काढली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. अंगणात जोगवा मागताना करायची कृती त्यांनी राष्ट्रपती भवनात केली. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनीही जोगप्पांबरोबर एका मंचावर गायन केलं आहे. गाणं तेच, पण दारातून मंचावर आलं की गाणारी व्यक्ती भिक्षेकरी न राहता कलाकार होते. जागा बदलली की ओळख बदलते ती अशी.

पण डोंगराचीही अट आहे. त्यासाठी राजन गवस यांच्याकडं वळावं लागतं. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या त्यांच्या कादंबऱ्या याच मातीतल्या. त्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आधारलेला ‘जोगवा’ चित्रपट २००९ साली आला आणि तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पाला जोगता व्हायचंच नसतं. शरीराच्या एका व्याधीचा अर्थ ‘देवीची खूण’ असा लावून त्याला साडी नेसवतात. आत तो पुरुषच आहे, आणि ते सांगायला त्याला कुठंच जागा नाही.

मंजम्मा आणि तायप्पा यांना शेजारी ठेवून बघा. जिला ती ओळख आतून हवी होती तिलाही डोंगरानं घेतलं, आणि ज्याला नको होती त्यालाही. दोघांच्या बाबतीत ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही. ‘देवीनं बोलावलंय’ हे कारण पुरेसं ठरलं. तेच कारण नसेल तर डोंगराचाही उपयोग नाही.

गेल्या दिवाळीत मी मित्राला त्या डब्याविषयी बोललो. तो म्हणाला, “त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहिताय? मला बाई व्हायचंच नव्हतं गा. मला फक्त एक पोरगा आवडत होता.”

मंजम्मांसारख्या व्यक्तीची ओळख ही लिंगभावाची. माझ्या मित्राची ओळख लैंगिक कलाची. शहरात आज या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. आमच्या तालमीत दोन्हींसाठी एकच वीट होती.

शहर : निनावी असण्याची सोय

मग पुणं. अमेरिकन इतिहासकार जॉन डीमिलिओ यांनी १९८३ साली एक मांडणी केली. कुटुंबाच्या शेतीवर-धंद्यावर अवलंबून न राहता माणूस पगारावर जगू लागला, घरापासून लांब शहरात राहू लागला, तेव्हा समलिंगी आकर्षणाला ‘ओळख’ आणि ‘समाज’ हे रूप मिळालं. त्याच वर्षी मान्युएल कास्टेल्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोतला कॅस्ट्रो हा भाग तिथल्या समलिंगी रहिवाशांनी घरं, दुकानं आणि मतं यांच्या बळावर कसा आपलासा केला ते दाखवलं.

आपल्याकडं असा एखादा मोहल्ला उभा राहिला नाही. पत्ते मात्र तयार झाले. मुंबईत अशोक रावकवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला, मराठीत ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली. मराठी वाचणाऱ्या पोराला आपल्याच भाषेत ‘तू एकटा नाहीस’ हे सांगणारं पुस्तक मिळणं म्हणजेही एक जागा मिळणंच.

पण शहराच्या गोष्टीत एक खोच आहे. मानववंशशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांनी १९९५ मध्ये लिहिलं की खेडं म्हणजे कोंडमारा आणि महानगर म्हणजे सुटका, ही गोष्टच क्वीअर कल्पनेत इतकी मुरली आहे की खेड्यातलं जगणं दिसेनासं होतं. पुढं जॅक हॅल्बरस्टॅम यांनी २००५ च्या पुस्तकात या महानगरी चष्म्यावर सविस्तर टीका केली. आपल्या कट्ट्यावरचा तो शेरा, ‘हे पुण्या-मुंबईतलं’, त्याच चष्म्यातून आलेला होता.

शहराची अट पैशाची आणि मौनाची. मित्र सांगत होता, खोली बघायला गेलं की मालकाचा पहिला प्रश्न “गाव कुठलं?” आणि दुसरा “लग्न कधी?”. ऑफिसात त्यानं एक खोटी मैत्रीण तयार करून ठेवलीय, बेळगावची. गावात सगळे त्याला ओळखत होते पण त्याला नाव नव्हतं. शहरात नाव मिळालं, पण ओळखणारं कुणी नाही.

खोली : आतून लावायची कडी

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. १८६० पासूनचा डाग पुसला. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि लैंगिक कल हा त्याचा भाग मानला गेला. २०२१ मध्ये कर्नाटकानं सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथी व्यक्तींसाठी एक टक्का आरक्षण ठेवलं. कागदावर बरंच झालं आहे.

पण खाजगीपणाला खोली लागते, आणि खोलीला आतून कडी लागते. आपल्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं आजोबा सोप्यात झोपतात आणि पोरं माजघरात, तिथं खाजगी जागा म्हणजे काय? नवं लग्न झालेल्या जोडप्याला घर एक कोपरा मोकळा करून देतं. म्हणजे तो कोपराही ‘स्थळ’ जमलेल्यांनाच मिळतो.

मुलींच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे. दोन मैत्रिणी एका अंथरुणात झोपल्या तर कुणाला काही वाटत नाही. ती मोकळीक दिसते, पण ती ‘यात काही असूच शकत नाही’ या समजुतीवर उभी असते. पोरगं निदान शिकायला, नोकरीला म्हणून गाव सोडू शकतं. मुलगी गाव सोडते ती बहुतेक वेळा लग्न करूनच. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. कॉलेजातली ही मुलगी नमा नावाच्या दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, आणि तिला भेटण्यासाठी बापूच्या खोलीचा आधार घ्यावा लागतो. नाटक पुन्हा वाचताना ती खोली कुणाची, किल्ली कुणाकडं, हे बघत वाचा. प्रेम दोन मुलींचं, पण जागा एका मुलाच्या हातात. ‘कोबाल्ट ब्लू’मध्येसुद्धा भाड्यानं दिलेली ती खोलीच सगळं घडवते.

आता मोबाइल आला. तोही एक जागाच. मित्र बारावीत असताना त्यानं पहिल्यांदा ते अॅप उघडलं. त्यात माणसाच्या नावाखाली अंतर दिसतं. सगळ्यात जवळचा माणूस नऊ किलोमीटरवर होता. “मी त्याला मेसेज केला नाही,” तो म्हणाला, “पण नऊ किलोमीटर म्हणजे बेळगाव. बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर कुणीतरी आहे, एवढंच बघून त्या रात्री झोप लागली.”

सीमा : ‘आपल्याकडं’ म्हणजे कोण?

शेवटचा मुद्दा आपल्या स्वतःचा. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. “तुम्ही नक्की कुठले?” हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी विचारतात. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. अर्जावरचा खण आणि मनातलं उत्तर जुळत नाही. कुठं काय बोलायचं, कुणासमोर गप्प बसायचं, हे आपण लहानपणीच शिकतो.

दोन्ही अनुभव सारखेच आहेत असं मी म्हणत नाही. भाषेसाठी घरचे आपल्या बाजूनं असतात, क्वीअर पोराला पहिली भीती घरच्यांचीच असते. पण नकाशात न मावण्याची भावना आपल्याला परकी नाही, आणि त्यावर आपण काय केलं हेही माहीत आहे. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी इथं माणसांनी वर्गणी काढली, मांडव घातले, खुर्च्या मांडल्या, संमेलनं भरवली. कुणी जागा देईल म्हणून वाट पाहिली नाही. लफेव्र न वाचताच आपल्या गावांनी अवकाश घडवला.

तसा अवकाश घडवणाऱ्यांनी निदान आपला वाचनकट्टा तरी असा ठेवावा, की तिथं ‘आपल्याकडं कुठं असतंय?’ असं विचारल्यावर कुणाला हसण्यात सामील व्हावं लागणार नाही. त्या दिवशी हसणाऱ्यांत एखादं कुणी भीतीनं हसलं असेल. मी ओशाळून हसलो होतो. दोन्ही हसणी बाहेरून सारखीच दिसतात.

दिवाळीत मी आणि मित्र मळेकरणीच्या आमराईपर्यंत चालत गेलो. लेखाचं सांगितलं. त्यानं विचारलं, “गावात कोण वाचणार गा तुमचा अंक?”

“आपली पोरं वाचतील की. तालमीतली दोघं आमच्याच कॉलेजात आहेत.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “डब्याचंही लिही मग. ते गाळू नकोस.”

पुढच्या कट्ट्यासाठी

१. आपल्या गावाचा किंवा गल्लीचा पुरुषांच्या आणि बायकांच्या जागा दाखवणारा नकाशा काढून आणा. दोन्हीकडं जाऊ शकणारी माणसं कोण, तेही लिहा.

२. ‘भंडारभोग’, ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ यांपैकी एक पुस्तक घ्या. त्यातली एक जागा निवडा. ती कुणाची आहे आणि तिथं यायला अट काय, हे शोधा.

३. आपल्या कॉलेजात अशी एखादी जागा आहे का, जिथं माझा मित्र नववीत असता तर येऊन बसला असता? नसेल, तर ती करायला काय लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून आणायची गरज नाही. त्यावर कट्ट्यावरच बोलू.